आंदोलनाच्या मांडवात बघ्या म्हणून जावे का?

एप्रिल-मे महिन्यांत मुंबई-पुण्याची मंडळी गावी उतरू लागली की, या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बहुधा आंबा किंवा वाटणीचा सातबारा हा असतो. यंदा चार पत्रे मात्र एकाच विषयावर आली आहेत, म्हणून या अंकातील जागा त्यांनाच दिली आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे, गावे आणि प्रकल्पांचे उल्लेख वगळले आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. मी डोंबिवलीत नोकरी करतो. मूळ गाव दक्षिण कोकणात आहे. गेल्या काही आठवड्यांपासून आमच्या आणि शेजारच्या गावांतील मंडळी सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, मांडव घालून एका प्रकल्पाविरुद्ध धरणे धरून बसली आहेत. माझा एक चुलतभाऊ तेथे रोज जातो. दुसऱ्या चुलतभावाने आपल्या वाट्याच्या जमिनीचे संमतिपत्र दिले आहे आणि या दोघांची घरे एकाच खळ्यात आहेत. मला स्वतःला प्रकल्पाविषयी ठाम मत नाही. तेथे नेमके काय चालते ते पाहावे, एवढीच इच्छा आहे. पत्नीचे म्हणणे असे की, लोक उन्हात बसले असताना आपण नुसते पाहायला जाणे बरे दिसत नाही. पहिल्या चुलतभावाला फोनवर विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘बघूक येतस काय बसूक, तां आदी ठरव.’ केवळ कुतूहलापोटी जाणे अनुचित आहे काय? गेलो तर कसे वागावे?

उत्तर : अवश्य जावे. ज्याचे मत पक्के झालेले असते तो अशा ठिकाणी आपल्या मताला पुरावे गोळा करण्यासाठी जातो. आपल्यासारख्या माणसाला मात्र तेथे काहीतरी नवीन कळण्याची शक्यता असते. कोकणातल्या आंदोलनांची बातमी बाहेर पोहोचते ती बहुतेक वेळा झटापटीच्या दिवशीच. राजापूर तालुक्यातील बारसूच्या सड्यावर एप्रिल २०२३ मध्ये नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा मोठा पोलीस बंदोबस्त, वाटेत आडव्या झालेल्या स्त्रिया, अश्रुधूर आणि धरपकड एवढे उभ्या महाराष्ट्राने पाहिले. त्याआधी, हा प्रकल्प नाणारला व्हायचा होता तेव्हापासून चाललेल्या बैठका, ग्रामपंचायतींचे ठराव, २०१९ मध्ये नाणारची अधिसूचना रद्द झाल्यावरही न मिटलेली धास्ती आणि गावोगावी घराघरांत पडलेली फूट यांतले फारसे काही त्या चित्रफितींत आले नाही. मांडवात तासभर बसणाऱ्याच्या कानावर यातले थोडेफार तरी पडते.

आपल्या चुलतभावाचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेऊ नये, कारण तो अगदी नेमका आहे. मांडवात नुसते पाहणाऱ्यासाठी निराळा रकाना नसतो. संध्याकाळी ‘आज किती माणसे होती’ याचा आकडा काढला जातो, त्यात आयोजक आपल्याला धरतात. झाडाखाली साध्या वेशात उभा असलेला पोलिसांच्या गोपनीय शाखेचा कर्मचारी त्याच्या वहीत आपल्याला धरतो. वाहिनीच्या कॅमेऱ्यात आपला चेहरा ‘आंदोलक’ म्हणूनच जातो. आणि संमतिपत्र दिलेल्या भावाच्या घरी रात्री जेवायच्या आत ही वार्ता पोहोचते, कारण गाव लहान असते. आपण मनाने कुठेही असलात तरी मोजणीत आपण मांडवातलेच असता. हे चालणार असेल तर जावे. चालणार नसेल, तर मांडवात जाण्याऐवजी भावाला घरीच गाठून सविस्तर विचारावे. त्यातही पुष्कळ कळते आणि कोणाची फसगत होत नाही. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून, काच अर्धी खाली घेऊन पाहणे तेवढे टाळावे. लोकांना खटकतो तो हाच प्रकार, आणि आपल्या पत्नीचा आक्षेपही बहुधा त्यालाच असावा.

जाण्यापूर्वी आंदोलन कोणत्या प्रकारचे आहे ते विचारून घ्यावे, कारण तेथील वागण्याची रीत त्यावर ठरते. धरण्याच्या मांडवात चहापाणी, भाषणे, भजन, गप्पा हे सारे चालते आणि पाहुण्याचे कोणाला ओझे होत नाही. साखळी उपोषणात दर दिवशी ठरलेल्या वाडीची ठरलेली माणसे उपाशी बसतात. त्यांच्या बाजूला पाण्याखेरीज काही तोंडात टाकू नये, चहा दिला तरी तो मांडवाच्या मागच्या अंगाला जाऊन घ्यावा. बेमुदत उपोषण असेल, तर चौथ्या-पाचव्या दिवसापासून प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर रक्तदाब तपासण्यासाठी येऊ लागतात, नातेवाईक चिंतेत असतात, अशा वेळी केवळ उत्सुकतेने गेलेल्या माणसाने लांबूनच नमस्कार करून परतावे. दुःखाच्या घरी भेटायला जाताना जो पोच आपण बाळगतो, तोच येथे पुरेसा आहे. आणि ठिय्या, म्हणजे रस्त्यात किंवा कार्यालयाच्या दारात बसणे, असेल, तर तो पाहायला जाऊ नये असेच मी सुचवेन. त्याचे कारण पुढच्या उत्तरात येईल.

सड्यावरच्या मांडवाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण शहरातून आलेल्या माणसाच्या डोळ्यांना तेथे पहिल्यांदा ‘काहीच नाही’ असे दिसते. जांभ्याच्या कातळात खुंटी ठोकता येत नाही. म्हणून बांबू किंवा लोखंडी पाइप दगडांनी भरलेल्या पिंपांत उभे केलेले असतात, किंवा चार चिरे रचून त्यांच्या बेचक्यात अडकवलेले असतात, आणि ताडपत्रीचे दोर मोठमोठ्या धोंड्यांना गुंडाळलेले असतात. दुपारी वारा सुटला की हे दोर करकरतात आणि कोणीतरी उठून धोंडा थोडा सरकवतो. वरून ऊन ताडपत्री अडवते, पण कातळ सकाळपासून तापलेला असल्यामुळे धग खालून येते. सतरंजीखाली गोणपाट, गोणपाटाखाली सुकलेले गवत असे थर घालून बायका बसलेल्या आढळतील. पिण्याचे पाणी टेम्पोतून पिंपाने वर आणावे लागते. स्वयंपाक बहुधा गावातच होतो आणि वाडीवार पाळीने वर येतो. मे महिना म्हणजे आंबा-काजूचा हंगाम; ज्यांच्या कलमांवर आंबा उतरवायचा आहे त्यांनी सकाळी झाडावर, दुपारी मांडवात अशी विभागणी केलेली असते, म्हणून सकाळी दहाला गेलात आणि पंधराच माणसे दिसली, तर ‘आंदोलनात दम नाही’ असा निष्कर्ष काढून परतू नये.

हाच सडा सातबाऱ्यावर पुष्कळदा पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून नोंदलेला असतो आणि उन्हाळ्यात तो खरोखरच ओसाड दिसतो. परंतु पावसाळ्यात तेथे गुरे चरतात, गवत कापले जाते, आणि कातळाच्या भेगांतून मुरलेले पाणी खालच्या उतारावर झऱ्यांच्या रूपाने निघते, त्यावर गावाच्या विहिरी चालतात. मांडवातल्या कोणत्याही वयस्क बाईला ‘या सड्याचे पाणी कुठे उतरते’ एवढे विचारले, तर भाषणांत न सापडणारी माहिती मिळेल. आणखी एक गोष्ट. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांतील सड्यांवर कातळशिल्पे आहेत. युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसास्थळांच्या यादीत २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पांचा समावेश झाला, त्यांत बारसू, कशेळी, उक्षी, कुडोपी अशी ठिकाणे आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात ही चित्रे स्पष्ट दिसतात, दुपारी मात्र पायाखाली आली तरी समजत नाहीत. तेव्हा गाडी कातळावर वाटेल तिथे न घालता गाववाले सांगतील तेथेच उभी करावी.

दिल्लीच्या सीमेवर सिंघू, टिकरी, गाझीपूर येथे शेतकरी नोव्हेंबर २०२० पासून डिसेंबर २०२१ पर्यंत बसले होते, तेव्हा शहरातील पुष्कळ कुटुंबे तेथे केवळ पाहायला गेली आणि लंगरमध्ये जेवून आली. न्यूयॉर्कमध्ये २०११ च्या सप्टेंबरमध्ये झुकोटी पार्कात आर्थिक विषमतेविरुद्ध लोकांनी तळ ठोकला होता, तेथे तर ग्रंथालय होते आणि वाटसरूंसाठी चर्चा चालत. त्या तळांना येणाऱ्या-जाणाऱ्यांची गर्दी हवीच होती. ते मोठ्या शहराच्या कुशीत होते आणि त्यांची रसद मोठी होती. कोकणातल्या सड्यावर हे गणित लागू पडत नाही. दहा पाहुणे वाढले की दुपारचे पाणी संपते, आणि तरीही ‘जेवल्याशिवाय जाऊ नका’ हा आग्रह होतोच. म्हणून जेवणाची वेळ टाळून, सकाळी साडेनऊच्या सुमारास किंवा उन्हे कलल्यावर चारनंतर जावे, आणि आपले पाणी बरोबर ठेवावे.

काही न्यावेसे वाटले, तर आधी भावाला विचारावे. बाटलीबंद पाण्याच्या खोक्यांपेक्षा बर्फाची लादी, ताडपत्रीचा तुकडा, बॅटरीचे दिवे किंवा तांदळाची गोण यांची गरज बहुधा अधिक असते. दिलेले ज्यांची पाळी आहे त्या वाडीच्या हाती द्यावे, वहीत नोंद करून घ्यावी, आणि ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारू नये असे स्पष्ट सांगावे. रोख रक्कम द्यायची झाल्यास पावती मागावी. पावती मागितल्याने कोणी नाराज होत असेल, तर पैसे देऊ नयेत.

आत गेल्यावर चपला बाहेर काढाव्यात. पुष्कळ ठिकाणी मांडवात ग्रामदेवतेच्या नावाने नारळ ठेवलेला असतो आणि दिवसाची सुरुवात देवाला घातलेल्या गाऱ्हाण्याने होते. ते चालू असेल तर उभे राहावे. मग बसावे. हे ‘बसावे’ मी मुद्दाम लिहितो आहे, कारण उभ्याने, हात मागे बांधून पाहणारा माणूस अधिकारी तरी वाटतो किंवा कंपनीचा तरी, आणि त्याच्यासमोर कोणी मोकळेपणाने बोलत नाही. खाली बसल्यावर कोणीतरी ‘कुणाचे तुम्ही?’ असे विचारेल. त्याला घराण्याचे नाव सांगावे आणि आपले मत ठरलेले नाही हेही सरळ सांगावे. यावर एखाददुसरा तावातावाने बोलेल, परंतु लपवाछपवी केल्याचा राग त्याहून अधिक येतो.

‘तुम्हाला इथे कोणी आणून बसवले?’ हा प्रश्न विचारू नये. पैसे देऊन माणसे बसवली जातात, हा आरोप कोकणात प्रत्येक आंदोलनावर झाला आहे, आणि तपासायचाच असेल तर तो त्या माणसांच्या तोंडावर फेकून तपासता येत नाही. कलमे किती, मोहोर कधी आला, जमीन कोणाच्या नावावर आहे, नोटीस मिळाली का, मोबदल्याचा दर काय सांगितला, ग्रामसभेत ठरावाच्या वेळी किती माणसे हजर होती, असे साधे प्रश्न विचारावेत. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या माणसांकडून वेगवेगळी आली, तर ती तशीच लक्षात ठेवावीत.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संमतिपत्र दिलेल्या भावाकडे चहाला जावे. त्याचेही काही म्हणणे असेल: मुलाच्या नोकरीचे, कोणी न कसणाऱ्या जमिनीचे, मुंबईत राहून गावाने जसेच्या तसे राहावे अशी अपेक्षा करणाऱ्या आपल्यासारख्या नातेवाइकांचे. माझे स्वतःचे मत असे आहे की, या शेवटच्या मुद्द्याला आपल्यापैकी बहुतेकांकडे चांगले उत्तर नसते.

प्रश्न : मी रत्नागिरीत शिकते आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करते. समाजशास्त्र हा माझा विषय असल्यामुळे एका आंदोलनस्थळी जाऊन निरीक्षण करावे, काही छायाचित्रे घ्यावीत, असे मैत्रिणींनी आणि मी ठरवले आहे. घरी सर्वांना भीती वाटते की नुसते तिथे दिसलो तरी गुन्हा दाखल होईल आणि पुढे नोकरीत अडचण येईल. ही भीती कितपत खरी आहे?

उत्तर : भीती अगदीच निराधार नाही, पण तिला मर्यादा आहेत आणि त्या माहीत असाव्यात. शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने नागरिकांना दिलेला आहे, आणि अशा जमावाकडे पाहणे हा काही गुन्हा नव्हे. अडचण येते ती त्या जागी मनाई आदेश लागू असताना. पूर्वी ज्याला सारे ‘१४४ कलम’ म्हणत, ती तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ मध्ये आली आहे. याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालीही जमावबंदी लावली जाते, आणि तिच्यात सामान्यतः पाच किंवा अधिक व्यक्तींनी एकत्र येण्यास मनाई असते. आदेशात गावे, तारखा आणि कधी कधी ठरावीक अंतरही लिहिलेले असते. जाण्याच्या आदल्या दिवशी तहसील कार्यालयात, पोलीस ठाण्यात किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर हा आदेश आहे का, ते पाहून घ्यावे. असल्यास जाऊ नये. तुम्ही मैत्रिणी पाच जणी असाल, तर तुमचाच जमाव होतो!

आदेश नसला, तरीही परिस्थिती बदलू शकते. पोलिसांनी किंवा दंडाधिकाऱ्यांनी जमावाला पांगण्याचा हुकूम दिल्यावर जो जाणूनबुजून तिथे थांबतो, त्याच्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ खाली कारवाई होऊ शकते, आणि ‘मी फक्त पाहत होते’ हा बचाव त्या क्षणी कोणी ऐकून घेत नाही. ध्वनिक्षेपकावरून हुकूम झाला की निघावे. चित्रीकरण पूर्ण करण्यासाठी दोन मिनिटे थांबू नये. नंतर दाखल होणाऱ्या गुन्ह्यात काही नावे असतात आणि त्यापुढे ‘व इतर अनोळखी इसम’ असे लिहिलेले असते. त्या इतरांची ओळख पोलिसांच्या स्वतःच्या चित्रीकरणावरून पटवली जाते. रस्त्यावरच्या ठिय्यापासून लांब राहा, असे मी आधीच्या उत्तरात सुचवले ते यामुळेच. सर्वोच्च न्यायालयानेही ७ ऑक्टोबर २०२० च्या शाहीन बाग (दिल्लीतील रस्त्यावरचे धरणे) प्रकरणातील निकालात सार्वजनिक रस्ते बेमुदत अडवून ठेवता येणार नाहीत, अशी भूमिका घेतली आहे. त्यामुळे रस्त्यावरचा जमाव हटवला जाण्याची शक्यता खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने घातलेल्या मांडवापेक्षा पुष्कळ अधिक असते.

धोका केवळ कागदोपत्री नसतो. उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहाच्या वेळी गोळीबार झाला, त्यात सत्याग्रही तर गेलेच, पण सरकारच्या बाजूने तेथे हजर असलेले मामलेदारही मारले गेले. त्यामुळे वातावरण तापलेले दिसले, गाड्या वाढलेल्या दिसल्या, की निरीक्षणाचा मोह सोडून घरी परतावे.

ताब्यात घेतलेच, तर पळू नये आणि वाद घालू नये. नाव, पत्ता आणि महाविद्यालयाचे ओळखपत्र दाखवावे, घरी कळवण्याची विनंती करावी. ताब्यात घेऊन संध्याकाळी सोडून देणे आणि अटक करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अटक झाल्यास चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते, आणि सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायची असेल, तर अपवादात्मक परिस्थिती, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक असते. सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत गुन्हा दाखल आहे का, हे विचारले जाते. तेथे माहिती दडवणे हे पुष्कळदा मूळ प्रकरणापेक्षा जड जाते. फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असल्यास पासपोर्ट नाकारण्याची तरतूदही कायद्यात आहे. एवढे सारे वाचून घाबरून जाऊ नये. शांत दिवशी, दिवसाउजेडी, मांडवात बसून येणाऱ्या शेकडो माणसांना यांपैकी काहीच वाट्याला येत नाही. प्रत्यक्ष नोटीस आली, तर मात्र या सदराला पत्र न लिहिता वकिलाकडे जावे.

छायाचित्रांविषयी आपण एका ओळीत विचारले आहे, पण माझ्या मते खरी जबाबदारी तेथेच आहे. मांडवात बसलेल्यांपैकी कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असते, कोणी अंगणवाडीत, कोणाचा मुलगा त्याच प्रकल्पाच्या ठेकेदाराकडे गाडी चालवतो. सरकारी कर्मचाऱ्यांना राज्याचे वर्तणूक नियम लागू असतात. सासूला डबा द्यायला आलेली शिक्षिका दहा मिनिटे टेकली, तुमच्या मोबाइलवर तिचा चेहरा आला, तुम्ही तो सद्भावनेने ‘लढणाऱ्या स्त्रिया’ म्हणून टाकलात, आणि खुलासा तिला द्यावा लागला, असे होऊ शकते. म्हणून चेहऱ्याचे छायाचित्र विचारूनच घ्यावे, आणि तेथूनच थेट प्रक्षेपण करू नये. अभ्यासासाठी छायाचित्रांपेक्षा टिपणवही अधिक उपयोगी पडेल. कोण कोणाच्या शेजारी बसते, बायका पुढे असल्या तरी ध्वनिक्षेपक कोणाच्या हाती असतो, कोणती वाडी येत नाही, हे छायाचित्रात येतेच असे नाही आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला हवे असते ते हेच.

प्रश्न : आम्ही पारंपरिक मच्छीमार कुटुंबांतील स्त्रिया बंदराजवळ मांडव घालून बसलो आहोत. किनाऱ्यावर येणारे पर्यटक वाट वाकडी करून येतात, आमच्या पाठीमागे उभे राहून सेल्फी घेतात, ‘मासे आज मिळतील का?’ असे विचारतात आणि निघून जातात. आमची मुले चिडतात. काय करावे?

उत्तर : आपला संताप रास्त आहे. तरीही मुलांना आवरावे, कारण एका पर्यटकाशी झालेली बाचाबाची दुसऱ्या दिवशी बातमी होते आणि तुमची मागणी बाजूला पडते. ‘मासे मिळतील का?’ हा प्रश्न वाटतो तितका वाईट नाही. विचारणाऱ्याला ताटातल्या सुरमईखेरीज या धंद्यातले काही माहीत नसते, आणि तुमचे म्हणणे समजावण्यासाठी तोच धागा हाती धरता येतो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे काय असते, गिलनेटवाल्याच्या साध्या जाळ्यात किती येते आणि पर्ससीनने, म्हणजे थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याने, एका वेळी किती उचलले जाते, हे सांगणारी एक समजूतदार बाई दर पाळीला मांडवाच्या तोंडाशी बसवावी. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत राज्याचा अधिकार चालतो. पर्ससीनवर राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्बंध घातले. प्रखर एलईडी दिवे लावून मासेमारी करण्यास केंद्राने २०१७ मध्ये बंदी केली. आणि पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. हे चार मुद्दे आणि त्याखाली तुमच्या मागण्या एका पानावर सोप्या मराठीत छापून घ्याव्यात. पर्यटक गोव्याच्या वाटेवर असो की घाटावरचा, हातात कागद आला की गाडीत बसल्यावर तो वाचतो.

सेल्फीसाठी मांडवाची एकच बाजू मोकळी ठेवावी, जिथे मागे तुमचा फलक येईल आणि चेहरे येणार नाहीत. ‘फोटो विचारून काढावेत’ अशी पाटी मराठीत आणि हिंदीत लावावी. एक भेटवही ठेवावी आणि तिच्यात नाव लिहिण्याची सक्ती कोणावर करू नये. बहुतेक जण दोन ओळींचे कौतुक लिहितील, त्याचा फार उपयोग नाही. पण एखादा जण ‘मग बंदी असताना दिवे लावून जाणाऱ्या नौकांवर कारवाई का होत नाही?’ असे विचारेल, आणि निवेदन घेऊन मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात जाताना बाहेरच्या माणसांनी विचारलेल्या अशा प्रश्नांचा तुम्हाला आधार होईल.

मांडव किती दिवस चालवावा लागेल याचा अंदाज घेऊन पाळ्या लावाव्यात, असेही सुचवतो. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध, म्हणजे जमीनदारांविरुद्ध, १९३३ ते १९३९ अशी तब्बल सहा वर्षे जमीन न कसता संप चालवला होता. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये. परंतु रोज सर्वांनीच यायचे असे ठरवले, तर ऑगस्टात नौका पाण्यात उतरताच मांडव ओस पडेल आणि तेव्हाही पर्यटक मोबाइल घेऊन येतीलच.

प्रश्न : आठ वर्षांच्या नातवाला आंदोलन दाखवायला नेले तर चालेल का? तो फार प्रश्न विचारतो.

उत्तर : चालेल. सकाळच्या वेळी न्यावे, टोपी आणि पाणी द्यावे, अर्ध्या तासात परत आणावे, घोषणा द्यायला सांगू नये आणि फलक हाती देऊन त्याचे छायाचित्र घेऊ नये. बंदोबस्त नेहमीपेक्षा जास्त दिसला, तर वाटेतूनच फिरावे. प्रश्न त्याला विचारू द्यावेत. मांडवात मुलांना उत्तरे देण्यास वेळ असलेली पुष्कळ माणसे असतात, दुपारनंतर तर विशेषच.